फाडलेला शर्ट

"डोळे आहेत की काजं?" शिंपीमास्तर ताईच्या कानाशीच पुटपुटले. "सकाळभर बसून ब्लेडनं फाडला, खिसणीनं घासला, आणि बाईसाहेबांनी रफू करून ठेवला!"

स्टुडिओच्या कपडेपटात अकरा वर्षं शिलाई करणाऱ्या ताईनं कपाळावर हात मारला. हँगरला चिठ्ठी होती, 'वेडा, सीन चाळीस'. तिनं ती वाचलीच नव्हती. फाटकं दिसलं की हात आपसूक सुईकडे जातो, त्याला ती तरी काय करणार?

तोवर नटानं शर्ट अंगात घातलासुद्धा. आरशात बघून म्हणाला, "ताई, यात मी जास्त घाबरलेला वाटतो, नाही?"

दिग्दर्शक आला आणि हसतच सुटला. "हा वेडा आहे की बँकेतला कारकून? आत्ता शेजारणीचा गळा दाबायचाय याला! केस पिंजारा, बाही फाडा. लोकांना लांबून कळलं पाहिजे."

मास्तरांनी ब्लेड पुढे केलं. "फाड बाई. उगाच वाद नको."

मास्तर तिच्याकडे दोनदा जेवून गेले होते. भाऊ बाहेरगावी नोकरीला असतो म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली होती, आणि आणखी एक ताट कुणासाठी वाढून आत नेलं हे विचारलं नव्हतं. पण आताचा घरमालक मास्तरांचा मेहुणा. आधीच्या घरमालकाला कळलं, तेव्हा आठवड्यात खोली सोडावी लागली होती. "उद्या कुणाचा गळा दाबला म्हणजे?" असं तो म्हणाला होता. हे त्यानं पडद्याशिवाय आणखी कुठं पाहिलं असणार?

गळा कसला दाबतोय! आतल्या खोलीतला तो माणूस कानातले आवाज वाढले की एकच शर्ट चार-चारदा इस्त्री करतो. दार वाजलं की पलंगाआड जाऊन बसतो.

ताईनं बाही चिमटीत धरली. ब्लेड टेकवलं. हात पुढे सरकेना.

"अहो, फाडताय ना?" दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. "वेडा माणूस असा दिसतो का?"

"असाच दिसतो."

"तुम्हाला काय माहीत?"

ताईनं ब्लेड टेबलावर ठेवलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"माझा भाऊ बाहेरगावी नाही, मास्तर. घरातच असतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे."