डाव्या बाजूचा हब

हे दोन हजार बावीस सालचं. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. दारव्ह्यात कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या, आणि आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये जुनी हिलमन मोटार तेरा वर्षांपासून एकाच जागी उभी होती.

घनश्याम माझे यजमान. आयुष्यभर मी त्यांना ‘हे’ म्हणत आले. लिहिताना नाव घ्यावं लागतं. आर्णी रस्त्यावर, घराला लागूनच, त्यांचं गॅरेज होतं. एक्कावन्न सालची ती गाडी त्यांनी उमरखेडच्या एका डॉक्टरांकडून आणली तेव्हा आमची अर्पिता रांगत होती. रविवारी ते दिवसभर तिच्याखाली पडलेले असत. जेवायला हाक मारली की गाडीखालून फक्त हात बाहेर यायचा, पाना मागायला.

ते जाऊन सहा वर्षं झाली होती. अर्पिता मला पुण्याला बोलवत होती, आणि गाडी नागपूरचे एक हौशी गृहस्थ नेणार होते. पण ट्रकवर चढवायची तर ती आधी ढकलता यायला हवी, आणि मागची दोन्ही चाकं जाम होती. ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटले होते. त्या गाडीत ड्रम आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, एकच. तो हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर इतका आवळून बसतो की नट काढला तरी जागचा हलत नाही.

बस स्टँडजवळचा नयन बघायला आला. तिशीतला, कामाला चांगला, पण हात मोटरसायकलींवर बसलेला. हब ओढून काढायचा त्याचा पुलर पहिल्याच ताणाला वाकला. मग म्हणाला, “काकू, घन मारतो दोन.” मी नको म्हटलं. घन मारला की एक्सलचं टोक फुलतं आणि नट पुन्हा चढत नाही, एवढं मला ऐकून ऐकून ठाऊक होतं. मग काढणार कोण, असं त्यानं विचारलं. मला नाव माहीत होतं. तीस वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

धर्मपाल आमच्या गॅरेजात सोळा वर्षं होता. हे हब काढायचा मोठा पुलर त्यानंच ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून कापून, लेथवर आटे पाडून बनवला होता. ब्याण्णवच्या आषाढात दोघांनी मिळून मागचे हब काढले, आतले ऑइल सील बदलायला. सील यवतमाळला मिळेनात, नागपूरहून यायचे होते, म्हणून गाडी आठ दिवस शेडमध्ये, चाकं काढून लोखंडी घोडीवर राहिली. एक्सलची टोकं धर्मपालनं पॉलिश पेपरनं घासून, पेट्रोलनं पुसून चांदीसारखी केली होती. गॅरेजात नियम होता की त्या निमुळत्या भागाला तेल, ग्रीस काही लागता कामा नये. तो कोरडाच बसला पाहिजे. ओशट असला तर नट आवळताना हब मापापेक्षा पुढे चढतो आणि चावीच्या, म्हणजे हब एक्सलवर सरकू नये म्हणून ठोकतात त्या लोखंडी पट्टीच्या, खाचेत तडकतो. हा नियम मला त्या वेळी माहीत नव्हता.

एका सकाळी दोघं यवतमाळला गेले होते. मी भांडी घासून उठले तर स्वयंपाकघराच्या बाजूचं, म्हणजे डावं टोक मला दिसलं. त्यावर तांबूस डाग पडायला लागले होते. पावसाळ्यात लोखंड उघडं ठेवायचं नाही, ही आम्हा बायकांची रीत. तवा, विळा, खलबत्ता, सगळ्यांना मी जवसाच्या तेलाचं बोट फिरवायची. तसंच त्यालाही फिरवलं, पदरानं पुसलं आणि विसरून गेले. जवसाचं तेल वाळून बसतं. चार दिवसांनी त्यावर हात फिरवला तरी कळत नाही.

पुढच्या पंधरवड्यात आर्णीच्या अलीकडे डावं चाक निखळलं. गाडी शेतात गेली. घनश्यामांच्या गळ्याचं हाड मोडलं. हब खाचेतून दुभंगला होता आणि टोकावर तापून पिवळट, चिकट झालेला थर होता. गॅरेजासमोर माणसं जमलेली असताना, हात गळ्यात बांधलेला, ते धर्मपालला म्हणाले, “ग्रीसचे हात पुसायचंही भान नाही. तुम्हा लोकांचे हातच तसे.”

‘तुम्हा लोकांचे’ म्हणजे कुणाचे, ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. धर्मपालच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. आपला पुलर पोत्यात घातला, सायकलला बांधला आणि गेला.

मी दारात उभी होते. तो थर कसला हे मला बघताक्षणी कळलं होतं. मी बोलले नाही. उद्या सांगू म्हटलं, मग ह्यांचा हात बरा झाला की सांगू म्हटलं. खरं इतकंच की मी सांगितलं असतं तर ह्यांना धर्मपालच्या दारी जाऊन माफी मागावी लागली असती, आणि ते गेले नसते. मग मला त्यांच्याकडे रोज निराळ्या नजरेनं बघावं लागलं असतं. मला ते नको होतं.

म्हणून नयननं विचारलं तेव्हा मी ठरवलं. हब निघो न निघो, पुण्याला जायच्या आधी धर्मपालला सांगायचं. तेवढंच एक काम माझं राहिलं होतं.

त्याचा पत्ता लागला तो ममतामुळे. ममता त्याची मुलगी, सरकारी दवाखान्यात नर्स. करोनाची लस घ्यायला गेले तेव्हा माझं नाव वाचून तिनं वर बघितलं होतं आणि काही न बोलता सुई टोचली होती. मी तिला जाऊन भेटले. बाबांना विचारते म्हणाली. चौथ्या दिवशी धर्मपाल आर्णीहून शेअर जीपनं उतरला, खांद्यावर तेच जड पोतं. सत्तरीला आलेला, वाळलेला. गॅरेज सोडल्यावर त्यानं पुन्हा पाना धरला नव्हता. एका जिनिंग कारखान्याच्या गेटवर चौकीदारी करत म्हातारा झाला होता.

मी चहा ठेवते म्हटलं. “मले चहा नोको, वहिनी. काम दाखवा,” एवढंच तो बोलला.

काम मात्र त्याला पाठ होतं. नयनला त्यानं नट पूर्ण काढू दिला नाही, दोन आटे ठेवायला लावले. नयननं कायले म्हणून विचारलं तर म्हणाला, “सुटला का हब गोळीवानी येते. तुयं लगन झालं का? नसन तं नट राहू दे.” त्या दिवसभरात तो एवढाच हसला. पुलर चाकाच्या बोल्टांना बांधला, मधला स्क्रू आवळला, टोकावर हातोडीचा एकच ठोका दिला आणि बाजूला होऊन बिडी पेटवली. असाच ताणावर राहू द्यायचा, घाई केली का बिघडते, म्हणाला. अर्ध्या तासानं धाडकन आवाज झाला, टिनावरची कबुतरं उडाली, आणि उजवा हब मोकळा झाला.

नयन जेवायला गेला. धर्मपाल डाव्या बाजूला बसला. हा हब अपघातानंतर घनश्यामांनी स्वतः बसवलेला. तो ठोक्यासरशी निघाला. धर्मपालनं उघडं टोक चिंधीनं पुसलं, निरखून बघितलं. पुन्हा पुसलं.

मी खाली, त्याच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात, पण उभ्यानं सांगायची गोष्ट नव्हती.

“भाऊ, त्या साली याले तेल म्या लावलं होतं. जवसाचं. जंग चढून राह्यला होता म्हणून.”

तो पुसत राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

“जवसाचं,” तो म्हणाला. मग चिंधी खाली ठेवून, “मी तीस वर्सं हात धुऊन राह्यलो, वहिनी. गेटावर बसल्या बसल्या. पेट्रोलनं पुसलं व्हतं का, चिंधी कोनती घेतली व्हती, सगळं रोज एकडाव. मलेच वाटे का चुकलं असन. म्हणून पुन्हा पाना नाही धरला.”

मी चिंधी उचलून त्याच्या हातात दिली.

“तेल लागते कोनाच्याही हातानं,” तो म्हणाला. “मालक जे बोलले, ते?”

“तेही ऐकलं होतं. दारातच होती मी.”

त्यानं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं राहिलं होतं. नयन परत आल्यावर लायनर सोडवले, ड्रम घासले, दोन्ही टोकं पेट्रोलनं धुतली. डाव्या टोकावर त्यानं नयनला बोट फिरवायला लावलं, मग स्वतः फिरवलं. चावी बसवली, हब चढवला, नट आवळला, पिन वाकवली. गाडी शेडमध्येच चार हात पुढेमागे ढकलून पिन काढून नट पुन्हा आवळला. चाकं फिरत होती. नयन खूश होता. मी भाकरीचं ताट वाढलं; धर्मपालनं हात धुतले, पण बसला नाही.

पोतं खांद्यावर घेतल्यावर तो दारात थांबला. “माफी मले नोको. ममता सातवीत व्हती तवा. शाळेत पोट्टे तिले म्हणत, तुया बापानं चाक पाडलं. तुमी तिले सांगा. माह्या तोंडानं मी नाही सांगत.”

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. ममतासमोर बाकावर दोन बाया बसल्या होत्या. त्या जायची वाट बघावीशी वाटली, पण बघितली नाही. सगळं त्यांच्या देखत सांगितलं, घनश्यामांचे शब्द जसेच्या तसे. ममतानं हातातलं रजिस्टर मिटलं. “बाबांना हे माझ्या आईच्या जिवंतपणी ऐकायला मिळायला पाहिजे होतं,” म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

आता कोण कुठे आहे ते सांगते. हिलमन नागपूरला गेली. लग्नाच्या वरातीत नवरदेव बसवतात तिच्यात, असा फोटो अर्पितानं दाखवला. नयननं दुकान वाढवलं, आता बॅटरीच्या स्कूटरही बघतो. धर्मपाल त्या नोव्हेंबरनंतर आर्णीत आपल्या जावयाच्या घराशेजारच्या गॅरेजात जाऊन बसू लागला होता, कुणी विचारलं तर सांगायचा, क्वचित हातही लावायचा. चोवीसच्या फेब्रुवारीत तो गेला. मला चार दिवसांनी कळलं, तेही नयनकडून. मी पुण्यात आहे. अर्पिता आणि जावई सकाळी कामावर जातात, संध्याकाळी सातला येतात, त्यांचा माझ्याशी काही वाद नाही. ममताची बदली उमरखेडला झाली. धर्मपाल गेल्यावर मी तिला फोन केला होता. तिनं उचलला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला म्हणाली, तब्येत विचारली. मी अधूनमधून करते. ती उचलते, दोन शब्द बोलते. तिचा फोन अजून आलेला नाही.