खिळ्यावरून दिसलेली पारख

“चाकच कुरकुरतं याचं. याच्यापायीच हातचं हरीण गेलं.” आर्विड माझ्या अगदी कानाशी पुटपुटला आणि त्याने मला गॅरेजच्या भिंतीवर, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी, खिळ्याला अडकवलं.

मित्रांनो, मी एक जुनं शिकारी धनुष्य आहे, दोन्ही टोकांना चाकं असलेलं. मला ओढताना आधी चांगला जोर लावावा लागतो. मग चाकं उलटतात, भार एकदम सैल पडतो आणि माणूस शांतपणे नेम धरून थांबू शकतो. मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या या घरात आलो तेव्हा आर्विडचे केस मक्याच्या कणसासारखे पिवळे होते. पानं तांबडी झाली की ओकच्या झाडावरच्या मचाणात मी त्याच्या मांडीवर पडून असायचो. माझ्या दोरीला मेण लावायला तो कधी विसरला नाही. “माझा वाढदिवस मात्र विसरतो,” असं त्याची बायको मार्लिस म्हणायची. पाहुणे आले की हे दोघं आधी मला दाखवायचे, मग हरणाचं सॉसेज वाढायचे.

गेल्या हंगामात एक हरिणी झाडाखाली आली. बाण भलतीकडे, पोटात लागला. आर्विड आणि त्याचा जुना सोबती एल्रॉय रक्ताचा माग काढत दलदलीपर्यंत गेले. हरिणी सापडली नाही. घायाळ जनावर असं हरवणं, इथल्या शिकाऱ्याला याहून मोठी लाज नाही. आर्विड चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, भेटेल त्याला सांगत सुटला, “धनुष्यानं दगा दिला.”

मी दगा दिला! समोर धरून ओढायला जोर पुरेना, म्हणून तो मला आभाळाकडे उचलत होता. चाकं उलटायच्या आधीच त्याचा हात लटपटत होता. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि तरी मी गप्प, कारण मला तोंड नाही.

मग नवं धनुष्य आलं. काळंभोर, हलकं. सोबत चमकत्या ठिपक्यांचं नेमयंत्र, दोरी सोडायला मनगटावर बांधायची कळ, हादरा शोषणारी दांडी. पारख करायला आर्विड आणि एल्रॉयने गॅरेजमध्येच लाकडी चौकटीवर कागद ताणला. बाण सरळ गेला तर नीट भोक पडतं, वाकडा गेला तर कागद फाटतो.

नवं धनुष्य आभाळाकडे गेलं आणि थरथरत खाली आलं. टर्रर्र! कागद वीतभर फाटला.

“नेमयंत्र वाकडं बसवलंय,” आर्विड म्हणाला.

“कागद फाटायला नेम कशाला लागतो, लेका?” एल्रॉय म्हणाला.

“मग ही कळ अडकतेय.” टर्रर्र. “बाण जड आहेत.” टर्रर्र.

“आता पृथ्वीच बदलून आण,” एल्रॉय हसला. मग हळूच म्हणाला, “ओढीचा भार थोडा उतरवून बघायचा का?”

“का? कशासाठी?”

“नाही, आपलं सहज.”

एल्रॉयने कागद बदलला. मग त्याने मला खिळ्यावरून काढलं. बोटाने दोरी चाचपली, तिला मेण चोळलं. मित्रांनो, वर्षभरात मला कोणी हात लावला नव्हता. त्याने मला सरळ समोर धरून ओढलं. चाकं उलटली, कुरकुरली देखील, आणि बाण सुटला. कागदावर एक स्वच्छ भोक, बाणाच्या पिसांच्या तीन चिरांसह.

एल्रॉयने मला परत खिळ्याला अडकवलं.

मित्रांनो, जुनी वस्तू खुशाल खिळ्याला टांगा. तिला अधूनमधून पुसा, तेवढं पुरे. पण तुमची चूक तिच्या गळ्यात अडकवू नका. ती तुम्हाला खोटं पाडू शकत नाही.

“वारा नव्हता आता, म्हणून,” आर्विड म्हणाला. गॅरेजचं दार तर बंद होतं. “शनिवारी हंगाम सुरू होतोय. हे नवं घेऊन मी मचाणावर जाणार म्हणजे जाणार.”

एल्रॉय बुटांकडे बघू लागला. मार्लिस कॉफी घेऊन घराकडच्या आतल्या दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले.

“आर्विड, तुझा खांदा गेलाय. त्या हरिणीच्या वेळीही तोच गेला होता.”