बॉनेटवरची वर्तुळं

नव्या गाडीला कोटिंग करून घ्यायचं, असं माझ्या नवऱ्याने ठरवलं तोवर गाडी नवी राहिली नव्हती. सासऱ्यांना जाऊन काही महिने झाले होते आणि बॉनेटच्या उजव्या अर्ध्या भागावर त्यांच्या हातची वर्तुळं होती.

ती कशी आली ते आधी सांगते.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, घासण्याचं वेड होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली भांडी स्वतःकडे घेतली आणि थोड्याच दिवसांत आमच्या कढईच्या तळात चेहरा दिसू लागला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "अहो, कढई आहे ती, आरसा नाही. आणखी घासाल तर भोक पडेल."

"पडू दे," बाबा म्हणायचे. "चाळणी म्हणून वापरू. वाया काही जात नाही."

गाडीचा रंगही त्यांनीच निवडला. गडद निळा. विक्रेता सांगत होता की गडद रंगावर धूळ फार दिसते. बाबा म्हणाले, "दिसायलाच हवी. दिसली नाही तर पुसणार कोण?"

गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी उठून खाली गेले. बरोबर बादली, भांड्यांची पावडर आणि स्वयंपाकघरातली हिरवी घासणी. गाडी मऊ कापडाने धुतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी गाडी बाळगली नव्हती. कढई घासावी तसं त्यांनी बॉनेट घासायला घेतलं. उजव्या दिव्यापाशी सुरुवात, छोटी छोटी वर्तुळं, एकावर एक चढवलेली, कुठे जागा न सोडता. नवरा ऑफिसला जायला खाली उतरला तेव्हा अर्धं बॉनेट झालं होतं.

मी आणि आई खिडकीत होतो. "थांबा!" एवढं आधी ऐकू आलं. मग, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? हात लावू नका गाडीला. पुन्हा कधी हात लावायचा नाही."

त्याचा आवाज आम्ही एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. बाबा घासणी हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती बादलीत टाकली, हात शर्टाला पुसले आणि विचारलं, "फेस तेवढा धुऊन टाकू? की तोही राहू दे?"

संध्याकाळी नवरा निवळला. "जाऊ द्या बाबा, पॉलिशने निघेल ते," म्हणाला. "निघेल ना? मग झालं," बाबा म्हणाले आणि विषय संपला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पण त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. गाडीपाशी गेले की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कोणीतरी दार उघडलं की आत बसायचे आणि हात मांडीवर ठेवायचे.

"बाबा, रुसलात का?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"छे रे. या वयात रुसून मनवणार कोण? तुझी आई?"

सगळे हसलो. आईही.

मग एका दुपारी त्यांना श्वास पुरेना. नवरा गाडी चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, आई आणि मी मागे. ते तोंड उघडून श्वास घेत होते. काच खाली करायचं बटण त्यांच्या हाताखालीच होतं. मला मागून त्यांची बोटं दिसत होती, बटणापासून जराशी वर उचललेली.

"काच," ते नवऱ्याला म्हणाले, "थोडी खाली करशील का?"

दवाखान्यातून आम्ही तिघंच परत आलो.

त्यानंतर नवरा गाडी लावताना तोंड भिंतीकडे करून लावू लागला. उलटी काढताना त्रास व्हायचा, तरी. सकाळचं तिरपं ऊन आलं की ती वर्तुळं उजळायची आणि बॉनेटच्या मधोमध, जिथे त्यांना थांबवलं होतं, तिथे सरळ कड दिसायची. एकीकडे वर्तुळं, दुसरीकडे कोरा रंग. तो खाली मान घालून दार उघडायचा. आईही आता गाडीला हात लावत नव्हत्या. तो दार उघडेपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या, आणि मला वाटतं, आपण असं करतो हे त्यांना ठाऊकही नव्हतं. तो मात्र रोज बघत होता.

"एकदा ती वर्तुळं गेली ना," तो एकदा जेवताना म्हणाला, "की मी माणसासारखी गाडी चालवीन."

आणि ती गेल्यावरही काही बदललं नाही तर? हे माझ्या मनात आलं. मी बोलले नाही.

पहिलं दुकान काचेचं होतं. थंडगार, आत कॉफीचं यंत्र. तिथल्या हसऱ्या मुलाने कोटिंग लावलेल्या पत्र्यावर पाणी ओतलं. पाण्याचे गोल थेंब होऊन घरंगळत गेले. "बघा सर! आमचं कोटिंग एकदा लागलं की जुने ओरखडे विसरा. सगळं झाकलं जातं."

घरी येताना मी म्हटलं, "झाकलं जाणार नाही. काचेसारखा पारदर्शक थर असतो तो. तो काय झाकणार? वरची चकाकी वाढली की खालचं जास्तच दिसेल."

"तुझं नेहमीचं. दुकानात मिठाची गुळणी आणि घरी आलं की व्याख्यान."

"दुकानात बोलले असते तर म्हणाला असतास, चारचौघांत शहाणपणा कशाला."

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. बोलण्याआधी मोजायची सवय लागली आहे, आणि ती घरात फारशी कामाची नाही.

दुसऱ्या दुकानात आई बरोबर होत्या, गाडीतच बसून. तिथला माणूस कोटिंगपेक्षा फिल्म लावा म्हणत होता. जाड पारदर्शक प्लास्टिक, रंगावर चिकटवायचं. खडा उडाला तरी ओरखडा फिल्मवर, रंग सुरक्षित. "आणि हे बारीक ओरखडे आहेत ना, ते फिल्मच्या गोंदात मिसळून जातात. आधी काही घासायला नको. आज सोडा, उद्या न्या."

नवऱ्याला ते पटत चाललं होतं. आईंनी मागच्या सीटवरून विचारलं, "म्हणजे ते खाली राहणारच?"

"राहतील आजी, पण दिसणार नाहीत."

"मग चादर आहे की आमच्या घरी."

नवरा गाडी सुरू करेपर्यंत हसत होता. मग हसू ओसरलं.

तिसरं दुकान एका बाईचं. गॅरेजांच्या गल्लीच्या टोकाला तिची शेड होती. कॉफी नाही, खुर्ची एकच, तिच्यावर कापडांचा ढीग. गल्लीत तिला सगळे पॉलिशताई म्हणत. पन्नाशीची, केस डोक्यावर फडक्याने बांधलेले. तिने दिवे घालवले, टॉर्च लावला आणि गाडीभोवती फिरत फिरत बॉनेटपाशी थांबली.

"कोणी घासलं हे? भांड्यांच्या घासणीने?"

आई म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी."

पॉलिशताई मोठ्याने हसली. "काय हात आहे हो! सगळीकडे सारखा दाब, मध्ये एक रेघ सुटलेली नाही. माझ्याकडे कामाला पाठवा त्यांना. आणि असं अर्ध्यावर का सोडलं?"

तिच्या टॉर्चचा उजेड त्या सरळ कडेवर होता.

"मी थांबवलं," नवरा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "ते गेले आता."

तिने टॉर्च खाली केला. माफी वगैरे मागितली नाही. दिवे लावले, खिशातून लहानसं यंत्र काढलं आणि बॉनेटवर जागोजाग टेकवून रंगाची जाडी बघू लागली. मग म्हणाली, "असं आहे. ओरखडा म्हणजे खड्डा. खड्डा उचलून नेता येत नाही. आजूबाजूची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते, तेव्हा तो जातो. तुमच्या रंगात तेवढी जागा आहे. एकदा होईल. पुन्हा कोणी घासलं तर मात्र माझ्याकडे येऊ नका."

मी हेच सांगितलं असतं, पण इतकं सोपं करून नाही.

"आणि माझी एक अट. पॉलिश झालं की मी फोन करीन, येऊन बघायचं. गिऱ्हाइकाने स्वतः बघून हो म्हटल्याशिवाय मी कोटिंगची बाटली उघडत नाही. एकदा थर चढला की खाली जे राहिलं ते राहिलं. नंतर कटकट नको."

या अटीमुळेच आम्ही तिला काम दिलं.

परत येताना आई मागून म्हणाल्या, "काढूनच टाक रे. तुला ते रोज बघवत नाही, आणि तुझं ते रोज खाली मान घालणं मला बघवत नाही." गाडी सिग्नलला थांबली होती. "त्यांनाही ती चकचकीतच हवी होती."

नवऱ्याने आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "हो ना," म्हणाला.

पॉलिशताईचा फोन आला त्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. शेडमध्ये पांढऱ्या ट्यूबलाइट लागल्या होत्या आणि बॉनेटमध्ये त्या जशाच्या तशा दिसत होत्या, सरळ, कुठेही न फाटता. निळा रंग खोल विहिरीसारखा झाला होता. मधली कड नव्हती. दोन्ही बाजू एक झाल्या होत्या.

नवरा समोर उभा राहून बघत राहिला. मग टॉर्च मागितला. आधी उजवीकडून उजेड टाकला, मग काचेच्या बाजूने, मग गुडघ्यावर बसून अगदी आडवा. पुन्हा उठून उजवीकडून. मला वाटलं होतं तो सुटकेचा श्वास टाकेल. तो चावी हरवलेल्या माणसासारखा शोधत होता.

"एकही नाही?" त्याने विचारलं.

"एकही नाही!" पॉलिशताई म्हणाली. "म्हणून तर बोलावलं. शोधून दाखवा."

तो शोधतच होता. मी जवळ गेले. "ठीक आहे ना?" मी विचारलं. "हो, हो, ठीकच आहे," तो म्हणाला. "हेच तर हवं होतं." आणि टॉर्च चालूच ठेवला.

पॉलिशताईने तोवर गाडीच्या दिव्यांच्या कडेच्या चिकटपट्ट्या काढायला घेतल्या. पॉलिशच्या यंत्राचा फिरता पॅड दिव्याच्या प्लास्टिकला लागू नये म्हणून त्या लावतात. उजव्या दिव्याची पट्टी निघाली आणि ती थांबली. "अरे, हे राहिलंच." पट्टीखाली बोटभर रुंदीचा रंग तसाच होता. त्यावर चार-पाच अर्धवट वर्तुळं, अर्धवट कारण त्यांची वरची बाजू पॉलिशमध्ये गेली होती. बाबांनी तिथूनच सुरुवात केली होती.

"हाताने काढते. दोन मिनिटांचं काम." तिने कापडावर पॉलिशचा थेंब घेतला.

"थांबा," नवरा म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून मी त्या सकाळी खिडकीत ऐकला होता. या वेळी तो जेमतेम ऐकू आला.

"हे राहू दे. यावरच कोटिंग करा."

"अहो, मग ते कायमचं आत जाईल. एवढी आरशासारखी गाडी, आणि दिव्यापाशी..."

"जाऊ दे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "फक्त कोणी विचारलं तर माझं दुकान सांगू नका. नाव जाईल माझं." पण तिने नवं फडकं घेऊन त्या पट्टीच्या आसपासचं पॉलिश आधी नीट पुसून काढलं, आणि मगच बाटली आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी ताब्यात देताना तिने बजावलं, "आजचा दिवस पाणी नाही, कापड नाही, हात नाही. थर अजून बसतोय."

नवऱ्याने गाडी घरी आणली आणि फार दिवसांनी तोंड रस्त्याकडे करून लावली. आई खाली आल्या. गाडीपासून थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे.

"छान झाली रे. चेहरा दिसतोय."

"आई, इकडे ये. इथे, दिव्यापाशी बघ."

त्या वाकल्या. चष्मा नीट केला. त्यांना ते दिसायला वेळ लागला, आणि दिसलं तेव्हा त्या आणखी खाली वाकल्या.

"हात लावून बघ."

"नको रे. आत्ताच केलीयस ना, डाग पडेल."

"पडू दे, आई."

त्याने त्यांचा हात पाठीमागून सोडवून घेतला आणि तिथे टेकवला. आईंनी बोटं हळूच पुढे-मागे फिरवली.

"काही लागत नाही रे हाताला."

"लागणार नाही. ते आत आहे."

त्यांनी बोटं फिरवायची थांबवली आणि पूर्ण तळहात टेकवला. नवऱ्याने त्यांच्या शेजारी आपला हात ठेवला. ऊन बॉनेटवर होतं.

कोटिंग पुरतं बसलं नव्हतं. इतका वेळ हात तसेच राहिले तर ठसे उमटतील आणि ते निघायचे नाहीत, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही.