शेंगदाण्यानं धरलेल्या पेशी

शिवांजलीनं बनवलेली चिप आगपेटीहून लहान होती. पारदर्शक प्लास्टिकच्या त्या तुकड्यात केसासारख्या बारीक वाटा कोरलेल्या होत्या आणि त्यांच्या भिंतींवर शेंगदाण्यातलं एक प्रथिन बसवलं होतं. कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी निसटतात आणि रक्तात फिरत राहतात. त्यातल्या बऱ्याच पेशींच्या अंगावर एक खास साखर उघडी पडलेली असते. हे प्रथिन नेमकी तीच साखर धरतं. रक्त चिपमधून सोडायचं. निरोगी पेशी वाहून जातील, रोगट पेशी भिंतीला चिकटतील, असा सगळा बेत.

पण धाराशिवच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत हा बेत सारखा फसत होता. कॅन्सरच्या पेशी नुसत्या सलाईनमध्ये सोडल्या की भिंत त्यांना पटापट पकडायची. रक्तात मिसळल्या की मात्र सगळ्या बेलाशक निघून जायच्या.

"प्रथिन बदल," तिचे मार्गदर्शक नारायणराव सर म्हणाले. "किती दिवस डोकं आपटणार आहेस?"

तिला ते पटेना. सलाईनमध्ये धरणारं प्रथिन रक्तातच का रुसावं?

त्याच आठवड्यात सारजाआत्याला तपासणीसाठी धाराशिवला आणायला ती भूमला गेली. आत्याच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढून झाली होती, पण ती पुन्हा उलटेल का, ही धास्ती घरात कुणी तोंडी आणत नसे. बाजाराचा दिवस होता. एसटी लागली तसे खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडल्या. दोघी चढल्या तेव्हा निम्मी गाडी रिकामी होती, पण बसायला एकही जागा नव्हती.

"माणूस न्हाय अन् जागा मातर भरली," आत्या करवादली. "रुमालाला बसवायचं अन् म्हातारीला उभं करायचं, व्हय?"

शिवांजली तिच्याकडं बघतच राहिली. रक्तातल्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी ज्यात तरंगतात त्या द्रवातही, तशी साखर लागलेली प्रथिनं असतात. पेशी पोचायच्या आधी तीच भिंतीवरच्या जागा अडवत असतील तर?

"आत्या, तुम्ही लई मोठं बोललात!"

"म्या काय बोलले? आधी जागा बघ."

कुणीतरी सरकून आत्याला बसवून घेतलं. शिवांजली येडशीच्या पुढंपर्यंत उभीच होती, पण तिला त्याचं भानच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कॅन्सरच्या पेशी मिसळलेलं रक्त यंत्रात गरगर फिरवून प्लाझ्मा काढून टाकला, पेशी धुतल्या आणि मग चिपमध्ये सोडल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर कॅन्सरच्या रंगवलेल्या पेशी भिंतीला धरून हिरव्या चमकत होत्या. एवढा प्रवाह वाहत होता, पण त्या हलत नव्हत्या.

सर एवढ्यानं मानणारे नव्हते. त्यांनी स्वतः नळ्या भरल्या. काहींत कॅन्सरच्या पेशी मिसळल्या, काहींत निव्वळ निरोगी रक्त ठेवलं, आणि कुठल्या नळीत काय ते तिला सांगितलं नाही. शिवांजलीनं एकेक नळी तपासून निकाल सांगितला. ऐकता ऐकता सरांनी चष्मा काढला.

"एकही चुकली नाही," ते हळूच म्हणाले. मग दार उघडून त्यांनी व्हरांड्यात हाक दिली, "अरे, या सगळे! आपल्या पोरीनं पेशी धरल्या!"

प्रयोगशाळा माणसांनी भरून गेली. त्या गलक्यातच शिवांजलीनं आत्याला फोन लावला.

"मंग माझं रगत कवा घेतीस?" आत्यानं विचारलं.

"आधी पेशंटचं रक्त तपासायची परवानगी यावी लागंल, आत्या."

"परवानगी कुणाची? रगत माझं हाय की!"

शिवांजली हसता हसता रडायलाच लागली.