बिनकोंदणाची अंगठी

"काकू, हा खडा पडत काहून नाई?"

विचारायचं ते विचारून झालं. सुकेशनीने दोन्ही हात काचेच्या काउंटरवर टेकले आणि मान ताठ ठेवली, कारण दुकानाच्या पायरीवर निकिता आणि वैजयंती ओढण्यांत तोंडं खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. वक्तृत्वात पहिली आलीस ना, मग मंगरूळपीरच्या त्या सोनाराच्या दुकानात एकटी शिर आणि काचेतल्या निळ्या अंगठीबद्दल विचारून दाखव. वर्षभरापूर्वी हजेरीलाही जिचा आवाज फुटत नव्हता ती सुकेशनी आता असल्या पैजा हसत हसत घ्यायची.

काउंटरमागे लिलाबाई एकट्याच होत्या. त्यांचे यजमान उकंडराव गेल्यापासून दुकानात त्याच बसत. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पोरीकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, आणि हाकलून द्यायचं सोडून किल्ली लावली, किमतीची चिठ्ठी नसलेली ती अंगठी बाहेर काढली.

अंगठी होतीच तशी अजब. सोन्याचं कडं पुरतं मिटलेलं नव्हतं. त्याच्या दोन टोकांच्या मधे नीलम अडकलेला. खाली कोंदण नाही, वरून धरायला सोन्याची नखं नाहीत. कोणी तरी तो हवेत ठेवला आणि न्यायला विसरला, असं वाटावं.

"सोनं मिटाले पाह्यते," लिलाबाई म्हणाल्या, "अन् खडा त्याले मिटू देत नाई. दोन्हीकून दाबून धरलेला हाय, म्हणून राह्यला."

"मंग फुटत काहून नाई?"

हा प्रश्न पैजेतला नव्हता. लिलाबाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

हा दाब सगळ्यांना सोसत नाही, त्या सांगू लागल्या. मोती मऊ, त्याचं काम नाही. पोवळ्याचंही तेच. पाचू दिसायला राजा, पण त्याच्या पोटात जन्मापासूनच्या भेगा असतात. दाबला की तिथूनच जातो. हिरा, माणिक, नीलम, एवढेच इथे टिकतात. बाकीच्यांना कोंदण हवं. पायरीवरचं हसू केव्हाच थांबलं होतं. निकिता आणि वैजयंती कंटाळून पुढे निघून गेल्या, तरी सुकेशनी उभीच.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. पैज कोणीच लावली नव्हती.

वसतिगृहात रविवार म्हणजे आईबापांचा दिवस. दहा वाजल्यापासून फाटकाशी मोटरसायकली आणि ऑटो लागायचे. मैदानात सतरंज्या पडायच्या, डबे उघडायचे. निकिताचे वडील इंझोरीहून तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणायचे आणि सुकेशनीलाही हाक मारायचे. ती जायची, शेंगा खायची. मग कोणाची तरी आई प्रेमाने विचारायची, तुझे मायबाप कधी येतात गं बाई? आठवीत नवी नवी असताना तिने सांगून टाकलं होतं की ते पुण्याला कंपनीत आहेत, सुट्टी मिळत नाही. मग कंपनीला जोडून घर आलं, घर तिसऱ्या मजल्यावर गेलं, आणि तिथे चढायला लिफ्ट लागली. खरं तर तिचे वडील फुलचंद आणि आई रामीबाई दिवाळी झाली की तांड्यावरचं घर आजाच्या भरवशावर टाकून सांगलीकडे ऊस तोडायला जायचे, ते होळीलाच परत यायचे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता.

म्हणून मग विज्ञानाच्या प्रकल्पाचं नाव सांगून ती रविवारी बाजाराकडे निघायची. आठवडाभर एकच प्रश्न घासूनपुसून तयार ठेवायचा. माणिक आणि लाल काच ओळखायची कशी? नीलमाला लोक भितात का? (खड्याले नाई भेत, शनीले भेतात, असं लिलाबाई म्हणाल्या होत्या आणि स्वतःशीच हसल्या होत्या.) उत्तर मिळालं की उठायला हवं, म्हणून प्रश्न असा निवडायचा की उत्तर लांबलं पाहिजे. लिलाबाईही त्याला फाटे फोडायच्या. ही पोर रविवारीच का येते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसताना रविवारी दुकान कशाला उघडता, हे तिनेही विचारलं नाही.

संध्याकाळी फोन. गृहपाल बाईंचा मोबाइल व्हरांड्यात हातोहात फिरायचा. सुकेशनीची पाळी आली की ती तो घेऊन पार पाण्याच्या टाकीपाशी जायची आणि गोरमाटीत, दबक्या आवाजात बोलायची. ही घरची बोली तिथे दुसऱ्या कोणाला येत नव्हती. पलीकडून आईही तितक्याच हळू बोलायची. आईला ती याडी म्हणायची. तो शब्दही ती टाकीपाशीच उच्चारायची.

डिसेंबर लागला तसं निकिताने बजावलं, नाताळच्या सुट्टीत पुण्याहून केसांच्या क्लिपा आण, इथल्यासारख्या नको. सुकेशनी बरं म्हणाली. ती दर सुट्टीत तांड्यावर म्हाताऱ्या आजाजवळ राहायची. क्लिपा कुठून आणायच्या, या विचारात तिला त्या रात्री झोप लागली नाही.

त्या रविवारचा प्रश्न तिने जपून ठेवला होता.

"काकू, मी नोकरीले लागल्यावर माह्या आईसाठी अशीच अंगठी केली, त कोणता खडा घ्या लागन?"

लिलाबाई कापसाने भिंग पुसत होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत तसं त्यांनी विचारलं, "हात काय काम करते तिचा?"

कंपनी जिभेवर आलीच होती. पण लिलाबाईंच्या विचारण्यात चौकशी नव्हती. बोटाचं माप विचारावं, तसं त्यांनी काम विचारलं होतं. कंपनी म्हटलं, तर त्या कंपनीतल्या हाताला शोभेलसा खडा सांगतील. मग ती अंगठी भलत्याच कोण्या बाईची होईल.

सुकेशनीने काउंटरवरचे हात मागे घेतले.

"ऊस तोडते," ती म्हणाली. "कोयत्यानं."

मास्तरीण आहे म्हटलं असतं, तर लिलाबाईंनी जेवढी मान हलवली असती, तेवढीच हलवली.

"मंग ही नाई चालत. हिरा बसवला तरी नाई. हिऱ्यावर ओरखडा पडत नाई, पण घाव वर्मी बसला त त्याचेही दोन होतात. अन् खडा वाचला तरी मुठीच्या दाबानं सोनं वाकन, टोकं फाकतीन. खडा फडातच राह्यला समज." त्यांनी तबकातून बारीक माणिक उचलून तिच्या तळव्यावर ठेवला. "हा घे. पण कोंदणात. चहूकून धरलेला, खाली बसका. कामाच्या हाताले असंच लागते."

माणिक तळव्यावर थंडगार होता. त्याला काहीच वजन नव्हतं.

"माप आण सुतानं. आत्ताचं आण, हातं बदलतात," असं म्हणत लिलाबाईंनी ती निळी अंगठी उचलली आणि स्वतःच्या बोटात सरकवली. ती सांध्यापाशी अडली. "माह्याच मापाची होती. आमच्या यायनं मुंबईहून करून आणली. मी म्हटलं, कामाच्या हातात कायले घालू, सणासुदीले घालीन."

"मोठी करून घ्या ना मंग."

"नाई होत. कापली का खडा सुटते."

त्यांनी अंगठी उतरवली, पुसली आणि परत काचेत ठेवली. तिला किमतीची चिठ्ठी का नव्हती, ते सुकेशनीला तेव्हा कळलं. त्या दिवशी तिने दुसरा प्रश्न काढला नाही, तरी दिवे लागेपर्यंत ती बसून राहिली.

वसतिगृहात परतल्यावर फोनची तिची पाळी आली. मोबाइल घेऊन ती टाकीच्या दिशेने निघाली, अर्ध्या वाटेत थबकली आणि व्हरांड्यात परतली. पायरीवर निकिता वैजयंतीची वेणी घालत होती. सुकेशनी त्यांच्या शेजारीच खांबाला टेकून उभी राहिली.

"याडी," तिने हाक मारली, आणि पुढचं सगळं मराठीत बोलली, वक्तृत्वातल्या आवाजात. "बापूलेही आयकू दे. नाताळच्या सुट्टीत मी तांड्यावर थांबत नाई. तांड्यावरचा हेमसिंग काका तिकडं येऊन राह्यला, त्याच्यासंग मीही येतो."

वेणीचे हात थांबले. पलीकडे वारा घोंगावत होता, कुठे तरी ट्रॅक्टर चालू होता. फुलचंदने विचारलं, इथं थंडी मरणाची, पाचटाच्या कोपीत झोपावं लागतं, करशील काय इथं?

"याडीच्या बोटाचं माप घ्याचं हाय."

 मग रामीबाई बोलली, रोजच्यासारखीच गोरमाटीत, रोजच्यासारखीच हळू. मराठीत का बोलतेस गं, तिने विचारलं. जवळ मुली असतील ना? त्यांना कळेल.

सुकेशनीने फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणजे आपण हे मुलींपासून लपवतो, ते याडीला ठाऊक होतं. ती इतके दिवस उगाच हळू बोलत नव्हती.

"हायेत, याडी. इथंच हायेत, आयकून राह्यल्या," सुकेशनी म्हणाली. "मी ऊसतोडीच्या फडावर येऊन राह्यली. सुट्टीभर तिथंच राहीन."