प्रोफेसरचा कबुलीजबाब

प्रोफेसर कुठल्याही कॉलेजात शिकवत नव्हता. तो एका बेताच्या हॉटेलात काउंटरवर उभा राहून पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देत असे. पण समोरच्याच्या बोलण्यातली चूक सुधारल्याशिवाय त्याचा हात किल्लीकडे वळत नसे. 'दोन रात्री राहणार' असं कोणी म्हटलं, की 'म्हणजे तीन दिवस, तारखेच्या हिशेबाने' हे त्याला सांगावंच लागे. म्हणून बरोबरच्यांनी त्याला ही पदवी दिली होती. देताना टोमणा होता. घेताना त्याने ती सन्मानाने घेतली.

एका पाहुण्याने नोंदणी करताना क्रेडिट कार्ड पुढे केलं. प्रोफेसरने नियमाप्रमाणे आकडे रजिस्टरमध्ये उतरवले आणि नियम सोडून डोक्यातही उतरवले. आठवड्याभराने त्या कार्डावर त्याने मालिश करणारी खुर्ची मागवली. पाठीला वेगळं बटण, पोटऱ्यांना वेगळं. मागवली ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावर, आणि घरी आल्यावर पावतीवर झोकदार सहीही केली. पोलीस आले तेव्हा तो खुर्चीतच होता. खुर्ची चालू होती, त्यामुळे 'होय, मीच मागवली' हा त्याचा पहिला कबुलीजबाब चांगलाच थरथरत्या आवाजात झाला. हवालदाराने तो पश्चात्ताप समजून तसा लिहून घेतला.

जामिनावर सुटून आल्यावर घरी सल्लामसलत सुरू झाली. बायकोचा थोरला भाऊ पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, पण कायद्यावर त्याचा विशेष जीव.

"पहिलाच गुन्हा ना, भावोजी? मग घाबरताय काय? पहिल्याला कोणी आत टाकत नाही. माझ्या ओळखीत एकाचं असंच झालं होतं."

"त्याला काय झालं, दादा?" बायकोने विचारलं.

"तीन वर्षं. पण त्याची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

"त्याने माझा सल्ला शेवटपर्यंत ऐकला."

बायकोने त्याच दुपारी नवऱ्याला वकीलबाईंकडे नेलं.

वकीलबाईंचं ऑफिस एका इस्त्रीच्या दुकानावर होतं. खालून गरम कपड्यांचा वास येत होता आणि बसायच्या तिन्ही खुर्च्यांवर फायली बसल्या होत्या. बाईंनी उभ्या-उभ्याच सगळं ऐकून घेतलं.

"कायद्यात याला तुरुंग आहे, ते आधी डोक्यात ठेवा," त्या म्हणाल्या. "पण गुन्हा पहिला, खुर्ची परत गेली, भरपाई द्यायला तुम्ही तयार, आणि कबुली लगेच. एवढं जुळलं की न्यायाधीश बहुधा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतात. दंड होईल. वर्षभर महिन्यातून एकदा सरकारी अधिकाऱ्यापुढे हजेरी लावायची. डाग मात्र राहील. हॉटेल, बँक, दुकानाचा गल्ला, सगळं विसरायचं."

"आणि घरी?" बायकोने विचारलं.

"घरी राहतील. तेवढ्यासाठीच तर आपण धडपडतोय."

बायकोने ते फार उत्साहाने ऐकलं असं नाही. पण घरी दोन मुलं होती, म्हातारे सासरे होते, आणि तिच्या एकटीच्या शिवणकामावर हे सगळं चालणार नव्हतं.

"मी काय मांडणार, तेही ऐका," बाई म्हणाल्या. "हा माणूस गुन्हेगार नाही, बावळट आहे. चोर कधी स्वतःचा पत्ता देतो का?"

"साक्षीदार लागला तर मी आहे," बायको म्हणाली. "लग्नापासूनचं सांगेन."

प्रोफेसरचा चेहरा उतरला. "मॅडम, बावळट शब्द घ्यायलाच हवा का?"

"त्याच शब्दावर तुम्ही संध्याकाळी घरी जेवणार आहात. बरं, एकदाच केलंत ना हे?"

"तक्रार एकच आहे," प्रोफेसर म्हणाला.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "हे उत्तर मला आवडलं नाही. कोर्टात खोटं बोलायचं नाही. आणि न विचारलेलं खरंही बोलायचं नाही. 'मला पश्चात्ताप होतो' एवढं म्हणायचं आणि ओठ शिवून टाकायचे. बायकोला येतं शिवता."

प्रोफेसरचं खरं दुःख वेगळंच होतं. खुर्चीच्या आधी त्याने चार कार्डं वापरली होती. बूट, घड्याळ, दोनदा परफ्यूम. विसराळू पाहुणे निवडून, किरकोळ रकमा, सामान पाहुण्याच्याच नावाने हॉटेलवर मागवून. कुणाला पत्ताही लागला नव्हता. त्याच्या मते ते खरं काम होतं. खुर्ची म्हणजे पाठदुखीत झालेली घाई! आणि जग आता त्या एका घाईवरून त्याला जोखणार होतं.

तारखेला कोर्टाची खोली भरलेली होती. न्यायाधीशांना सर्दी झाली होती आणि जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली होती. आरोपीसाठी याहून चांगला मुहूर्त नाही, असं वकीलबाई बायकोच्या कानात म्हणाल्या.

सरकारी वकिलांनी कागद वाचला. "आरोपीने कार्डाचा आकडा दोनदा चुकीचा टाकला, साहेब. तिसऱ्यांदा जमला. मग स्वतःचं पूर्ण नाव दिलं. मजला दिला. दारावरची बेल बिघडलीय, जोरात हाक मारा, अशी सूचनाही दिली."

खोलीत हशा पिकला. न्यायाधीश हसता हसता शिंकले.

"हेच माझं म्हणणं आहे, साहेब," वकीलबाई उठल्या. "सरकारी वकिलांनी माझं काम हलकं केलं. याला कट म्हणायचं तर कटाचा अपमान होईल."

मागच्या बाकावर मेहुणा सगळ्यांत मोठ्याने हसला. प्रोफेसरचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली. ती लाजेने खाली गेली असं सगळ्यांना वाटलं, आणि त्याचा फायदाच झाला. न्यायाधीशांनी हमीपत्राचा कागद पुढे ओढला.

"आरोपीला काही सांगायचंय?"

"मला पश्चात्ताप होतो, साहेब."

वकीलबाईंनी श्वास सोडला. बायकोने पर्स उचलली.

"ठीक आहे," न्यायाधीश नाक पुसत म्हणाले. "सोडतोय, पण एक लक्षात ठेवा. पुन्हा मोह झालाच तर स्वतःला सांगा, हे आपल्या कुवतीचं काम नाही."

आता इथे कोणीही शहाणा माणूस 'होय साहेब' म्हणून दाराकडे वळला असता.

"साहेब," प्रोफेसर म्हणाला, "एक छोटीशी दुरुस्ती."

वकीलबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला. तो पाय सोडवून घेऊन पुढे झाला.

"कुवतीचा प्रश्न नाही. आधीची चार कामं कुणाच्याही लक्षात आली नाहीत. सरकारी वकिलांच्या कागदात त्यांचा उल्लेखच नाही, म्हणून आपला गैरसमज झाला."

न्यायाधीशांनी हमीपत्र हळूच बाजूला सरकवलं आणि टायपिस्टला खूण केली.

"सावकाश सांगा. पहिलं कार्ड कधी?"

प्रोफेसरने सावकाश सांगितलं. खोली नंबर, महिना, वस्तू. टायपिस्टने 'मनगटी घड्याळ' असं टाइप केलं, तेव्हा 'भिंतीवरचं' हेही त्याने सुधारून दिलं. सरकारी वकिलांना काहीच करावं लागलं नाही. ते नुसते उभे राहून ऐकत होते. पहिल्या गुन्ह्याची सवलत पाचव्या गुन्ह्याला मिळत नाही, एवढंच ते शेवटी म्हणाले, तेही फार नम्रपणे. न्यायाधीशांनी जामीन रद्द करून नव्याने तपासाचा हुकूम दिला. वकीलबाईंनी फाईल बांधली, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खटल्याकडे वळल्या.

हवालदार दंडाला धरून नेत होता, तेव्हा बायको आडवी आली.

"अहो, घरी येत होतात! का बोललात?"

"सगळे हसत होते गं."

"हसू द्यायचं होतं! माणसं मला रोज हसतात तुमच्यावरून. मी मेले का?"

यावर काय सुधारावं, ते प्रोफेसरला सुचलं नाही. त्याने मागे वळून खोलीकडे पाहिलं. आता कोणीही हसत नव्हतं. मेहुणासुद्धा तोंड उघडं टाकून बघत होता. प्रोफेसरला बरं वाटलं. पुढे शिक्षा अठरा महिन्यांची झाली, आणि तेवढे सगळे दिवस त्याला या एका बऱ्या वाटण्यावरच काढावे लागले.