नाकाला पिशवी

स्तारा लिपाच्या खाणकामगार सभागृहात सिनेमा रविवारी दुपारी चारला लागणार होता, पण अर्धं गाव तीनलाच कोट टाकून खुर्च्या अडवून बसलं होतं. सिनेमा त्यांच्याच मरणाचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी सातशे मीटर खोल मिथेन पेटला आणि बारा माणसं गेली, त्यावर वॉर्साच्या एका दिग्दर्शकानं तो काढला होता. राजधानीच्या आधी तुम्हाला दाखवतो, असं म्हणून तो गळ्यात लांबलचक मफलर घालून मोठ्या मनानं इथं आला होता.

ट्रूडा कोत्सुरेक मागच्या रांगेत बसली होती. शेजारी एल्झा. दोघींनी खाणीच्या दिवाघरात तीस वर्षं काढली होती: खाली जाणाऱ्याच्या हातात दिवा द्यायचा, वर आला की काढून घ्यायचा.

"अजून उठता येईल," एल्झा कुजबुजली. "घरी चल, कॉफी करते."

"त्याला मारणारच असतील तर माझ्यासमोर मारू देत."

तो म्हणजे रुफिन, ट्रूडाचा नवरा. खाणीत मिथेन मोजण्याचं काम त्याचं, आणि मेलेल्या बारांतला तो एक. चौकशीवाल्यांनी लिहिलं की रुफिननं मापक निकामी केला, म्हणून वीज तुटली नाही आणि ठिणगी पडली. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडण्याइतकं सोयीचं काही नसतं. तो अपिलात जात नाही. तेव्हापासून दर चार डिसेंबरला, खाणकामगारांच्या संत बार्बराच्या दिवशी, चर्चमध्ये त्या अपघातातल्यांची नावं वाचतात ती अकरा. बारावं आडेलानं पाद्र्याकडे जाऊन काढायला लावलं. तिचा नवरा खाणीतल्या त्याच बोगद्यात जळाला होता. ट्रूडा दरवर्षी जाते, अकरा नावं ऐकते आणि घरी येते. आजवर हे गावापुरतं होतं. आता सिनेमानंही तेच म्हटलं तर ते सगळ्या देशाचं होणार होतं, आणि मग ते नाव कायमचं गेलं.

खरं काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. माझ्या रुफिननं असलं काही केलं नाही, असं ती चारचौघांत ठासून सांगायची आणि घरी त्याच्या फोटोला विचारायची, केलंस का रे तू?

दिवे गेले. सुरुवातीला लोक कौतुकानं बघत होते. मग खाणीत उतरणाऱ्यांचे चेहरे दिसले आणि पहिली कुरबूर झाली.

"काजळ लावलंय का रे डोळ्यांना?"

"आणि नखं बघ. मॅनिक्युअर!"

पडद्यावरची एक बायको लाल ओठ रंगवून नवऱ्याला भाकर बांधून देत होती. पहाटे साडेचारला. बायका इतक्या हसल्या की पुढचा संवाद कुणाला ऐकूच आला नाही. माणसांना खाणीत उतरवणारा पिंजरा खाली निघाला आणि एक तरणाबांड नट शीळ घालायला लागला, तेव्हा मात्र हसू थांबलं. खाणीत शीळ कुणी घालत नाही, अपशकुन होतो. "गप्प बस मेल्या!" कुणीतरी पडद्याकडे बघून ओरडलं. पण पिंजऱ्यातला म्हातारा नट, खाणीत उतरताना म्हणतात तसं, "देव सोबत असो" म्हणाला आणि सगळ्या सभागृहानं, कुणी न सांगता, एका आवाजात उत्तर दिलं, "असो!" दिग्दर्शकानं मान वळवून पाहिलं. तो खूश झाला असावा. रडायच्या जागी कुणी रडत नव्हतं, हे अजून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग रुफिन आला. सिनेमात त्याचं नाव दुसरं होतं, पण मिशी तीच होती. नट रुफिनपेक्षा कितीतरी देखणा होता आणि क्षणभर ट्रूडाला त्याच्याकडे बघायला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा. मग नटानं खिशातून बाटली काढून घोट घेतला.

"आतड्यात व्रण होता त्याला," ट्रूडा पुटपुटली. "ताकसुद्धा बेतानं प्यायचा."

एल्झानं तिचा हात धरला.

नट इकडेतिकडे बघत मापकापाशी गेला. मिथेन हुंगणाऱ्या त्या पिवळ्या डबीला खाणीत सगळे नाक म्हणत. मिथेन वाढला की नाकाला कळायचं, वीज आपोआप तुटायची, यंत्र थांबायचं आणि त्या दिवसाचा कोळसा बुडायचा. नटानं भाकरीची प्लॅस्टिकची पिशवी काढली, नाकावर चढवली आणि दोऱ्यानं बांधली. संगीत भयानक झालं.

"पिशवी?"

आवाज तिसऱ्या रांगेतून आला. आलोईज गावलिक उभा राहिला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, छातीत चाळीस वर्षांची धूळ. तो रुफिनच्याच शिफ्टला होता.

"नाकाला पिशवी कोण घालतं? ओ साहेब! पिशवी घातली तर वरच्या पडद्यावर रेघ सरळ जाते. सरळ! कंट्रोलरूमचा आंधळासुद्धा ओळखेल. अशी कामं करतात का?"

"मग कशी करतात, काका?" दिग्दर्शकानं विचारलं. त्यानं हात वर करून सिनेमा थांबवायला सांगितला. असं काहीतरी होईल याचीच तो वाट बघत होता बहुतेक.

"हवेची नळी! दाबाच्या हवेची बारीक नळी आणायची, नाकाच्या बाजूला बांधायची आणि कॉक जरासा सोडायचा. ताजी हवा लागली की आकडा पडतो, पण हलता राहतो. जिवंत दिसतो."

"जरासा नाही, पाव फेरा," मागून दुसरा म्हणाला.

"पाव फेऱ्याला शिट्टी वाजते, गाढवा. ऐकू जाते."

"फडकं गुंडाळायचं ना मग तोंडाला! आम्ही ओलं फडकं गुंडाळायचो."

"आणि नळी वरून नाही, खालून. वरून आणली तर तपासणीवाल्याला दिसते."

आलोईजसकट सहा म्हातारे उभे राहिले होते. हातवारे करून नाक केवढं, नळी कुठून, कॉक किती, हे एकमेकांना पटवून देत होते. हयातभराचं कसब वॉर्साच्या पोरानं नासवलं याचा त्यांना असा काही राग आला होता की आपण काय बोलतोय याचं भान कुणालाच उरलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी चौकशीपुढे याच सहा जणांनी शपथेवर सांगितलं होतं: आम्हाला काही माहीत नाही, मिथेनचं काम कोत्सुरेकचं.

ट्रूडा उठली.

"आलोईज," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आम्ही म्हणजे कोण?"

हातवारे हवेतच राहिले. आलोईजनं मागे वळून तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उतरला, जणू ती सभागृहात आहे हे त्याला आत्ताच कळलं.

"ट्रूडा… बस तू. सिनेमा आहे हा."

"सिनेमा थांबलाय. तू बोल. नळी रुफिन बांधायचा?"

आलोईजला खोकला आला. तो लांबवता येईल तेवढा त्यानं लांबवला. कुणी पाणी दिलं नाही.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "रुफिन काढायचा. रोज शिफ्टच्या सुरुवातीला येऊन शिव्या घालत काढायचा. तो गेला की आम्ही परत बांधायचो."

"का?"

"वरून फोन यायचा. नाकाला सर्दी झालीय का बघा, म्हणायचे. म्हणजे बांधा. नाहीतर अख्ख्या शिफ्टचा बोनस जायचा. त्या दिवशी…" तो थांबला. "त्या दिवशी तो दुसऱ्यांदा आला होता. दुपारी. नळी परत बांधलीय, हे कुणीतरी त्याला सांगितलं असेल. काढायलाच निघाला होता तो."

"आणि तुम्ही शपथ घेतलीत."

"साहेबांनी सांगितलं होतं, सगळ्यांनी एकच बोला, नाहीतर विधवांची भरपाई अडकेल. आम्हाला वाटलं, रुफिन तर गेलाच आहे."

ट्रूडा खाली बसली. तिला रडू आलं नाही, आनंदही झाला नाही. तिला फक्त फोटो आठवला, आणि आपण त्याला एकोणीस वर्षं काय काय विचारलं ते. एल्झा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दिग्दर्शकानं फोन काढून आलोईजवर धरला होता.

"खाली ठेव तो," ट्रूडा म्हणाली. "तुझं झालंय. पेन असेल तर दे."

बाहेरच्या दालनात कॉफी आणि खसखशीचा केक मांडला होता. एल्झानं ताटं सरकवून टेबलावर जागा केली. सिनेमाच्या जाहिरातीची पाठ कोरी होती. आलोईजनं त्यावर लिहिलं: नळी कुणी बांधली, कुणी काढली, फोन कुणाचा यायचा. पूर्ण नावं लिहिली. त्या साहेबाचंही लिहिलं, जो पेन्शन घेऊन डोंगरातल्या बंगल्यात गुलाब लावत बसला आहे. खाली सही केली.

"पेन्शन कापली तर?" एकानं विचारलं.

"माझी अजून किती दिवस द्यायचीय त्यांना?" आलोईज म्हणाला आणि पेन पुढे केलं.

सहांपैकी चौघांनी सह्या केल्या. दोघे मागच्या दारानं निघून गेले. ते कोण हे सगळ्यांनी पाहिलं. कुणी हाक मारली नाही. उरलेला सिनेमा लावा, असंही कुणी म्हणालं नाही.

गर्दी बाजूला झाली आणि आडेला टेबलापाशी आली. चष्मा लावून तिनं कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"माझ्या माणसानंही बांधली असेल," ती म्हणाली.

"असेल," ट्रूडा म्हणाली.

"उद्या सकाळी पाद्र्याकडे जाऊ. आपण दोघी जाऊ."

"मी नाही येणार, आडेला. नाव तू काढलंस, तू घाल."

आडेलानं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि कोटाची बटणं लावत दाराकडे निघाली.

"उद्या कशाला," ती दारातून म्हणाली. "आत्ता असेल तो घरी."